जनावरांचा विमा : हप्ता भरावा की नाही?

एका हंगामात पीक हातचे गेले तरी जमीन जागेवर राहते आणि पुढच्या मृगात पुन्हा पेरणी करता येते. गोठ्यातील दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर मात्र त्या दिवसापासून घरात येणारा रोजचा पैसा थांबतो. तेवढ्याच किमतीचे दुसरे जनावर उभे केल्याखेरीज तो पुन्हा सुरू होत नाही. जनावर कर्ज काढून घेतले असेल तर गाय गेली तरी बँकेचा हप्ता चालूच राहतो.

हे सर्वांना माहीत असूनही विम्याचा विषय निघाला की दोन तक्रारी ऐकू येतात. एक, 'पाच वर्षे हप्ते भरले, हाती काय आले?' आणि दुसरी, 'गाय मेली तेव्हा कंपनीने कागद काढून दावा नाकारला.' पहिली तक्रार विम्याचा हिशेब नीट न मांडल्यामुळे होते, तर दुसरी बहुधा अटी आधी न वाचल्यामुळे. म्हणून विम्याच्या बदल्यात नेमके काय मिळते, त्याची किंमत काय आणि आपल्या गोठ्याला तो परवडतो का, हे कसे ठरवावे याची माहिती या लेखात दिली आहे.

विमा कशाचा असतो, कशाचा नसतो

शहरात पाळीव कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याच्या खर्चाचा विमा निघतो. गायी-म्हशींचा नेहमीचा विमा तसा नाही. तो मुख्यतः जनावराच्या मृत्यूचा विमा आहे. कासदाह झाला, दुग्धज्वर आला, पोटफुगीवर उपचार करावे लागले, तर औषधपाण्याचा खर्च या विम्यातून मिळत नाही. जनावर बरे झाले तर विमा कंपनीचा काही संबंध येत नाही.

सर्वसाधारण पॉलिसीत पुढील कारणांनी आलेला मृत्यू धरला जातो : विमा काळात झालेला रोग, अपघात, आग, वीज पडणे, पूर, वादळ, सर्पदंश आणि शस्त्रक्रियेच्या वेळी आलेला मृत्यू. जादा हप्ता भरल्यास कायमच्या अपंगत्वाचाही विमा घेता येतो. दुभत्या जनावराच्या बाबतीत याचा अर्थ गाभण राहण्याची किंवा दूध देण्याची क्षमता कायमची आणि पूर्णपणे जाणे असा घेतात. एक-दोन सड निकामी झाले म्हणून हा लाभ मिळत नाही. अशा दाव्यात अनेक पॉलिसींत पूर्ण रकमेऐवजी ७५ टक्के रक्कम मिळते.

पुढील गोष्टी सहसा विम्यात बसत नाहीत :

१) जनावर चोरीस जाणे, हरवणे किंवा परस्पर विकले जाणे.

२) विमा घेण्यापूर्वीच जडलेला रोग, तसेच विमा सुरू झाल्यापासून सुरुवातीच्या प्रतीक्षा काळात (सहसा १५ दिवस) झालेला रोग.

३) निष्काळजीपणा, मुद्दाम केलेली इजा, अप्रशिक्षित व्यक्तीकडून करवून घेतलेला उपचार.

४) बैलावर प्रमाणाबाहेर ओझे लादणे किंवा पॉलिसीत लिहिलेल्या कामाव्यतिरिक्त इतर कामास जनावर वापरणे.

५) घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ्या खुरकूत यांसारख्या रोगांनी आलेला मृत्यू, जर त्या रोगाची लस वेळेवर टोचून तसा दाखला घेतला नसेल तर.

यातील पाचवा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. लस टोचली आहे पण नोंद नाही, अशी स्थिती असेल तर दाव्याच्या वेळी लस टोचली नाही असेच धरले जाण्याचा धोका असतो.

हप्ता कसा ठरतो?

जनावराची बाजारातील किंमत ही विमा रक्कम धरतात आणि त्या रकमेवर शेकडा दराने हप्ता आकारतात. किंमत ठरविताना जात, वय, वेत, रोजचे दूध आणि गाभण काळ पाहिला जातो. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०१४ च्या सूचनांनुसार गायीसाठी रोजच्या दर लिटर दुधामागे किमान ३,००० रुपये आणि म्हशीसाठी किमान ४,००० रुपये असा आधार दिलेला होता. म्हणजे दिवसाला १२ लिटर दूध देणाऱ्या गायीची किंमत या हिशेबाने ३६,००० रुपयांपेक्षा कमी धरता येत नव्हती. प्रत्यक्षात संकरित गायीचा बाजारभाव यापेक्षा बराच वर असतो. म्हणून किंमत पशुवैद्यकासमोर रास्त लिहून घ्यावी. ती कमी लिहिली तर हप्ता थोडा वाचतो, पण जनावर गेल्यावर मोठी तूट येते. जास्त लिहूनही फायदा नाही, कारण अनेक पॉलिसींत मृत्यूसमयीचा बाजारभाव आणि विमा रक्कम यांपैकी जी कमी असेल तीच देतात.

हप्त्यावर सरकारी अनुदान मिळते. केंद्र पुरस्कृत पशुधन विमा योजना प्रथम २००५-०६ साली देशातील १०० निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. २०१४-१५ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानाचा भाग झाली. सुरुवातीस सर्वसाधारण भागातील दारिद्र्यरेषेवरील शेतकऱ्याला हप्त्याचा निम्मा वाटा स्वतः भरावा लागे, तर दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पशुपालकांना ३० टक्के. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने यात बदल करून पशुपालकाचा वाटा १५ टक्के ठरविला. उरलेली रक्कम केंद्र आणि राज्य यांनी ६० : ४० या प्रमाणात उचलावयाची आहे. शेळ्या-मेंढ्यांसाठी मर्यादा पाच पशुधन घटकांवरून दहा घटकांपर्यंत वाढविण्यात आली. दहा शेळ्या किंवा मेंढ्या म्हणजे एक घटक.

योजना आपल्या जिल्ह्यात त्या वर्षी चालू आहे का, कोणती कंपनी नेमली आहे, दर काय आणि एका कुटुंबाच्या किती जनावरांना अनुदान मिळते, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारावे. विमा घ्यावा की नाही याचे उत्तर बरेचसे या माहितीवर अवलंबून आहे. ते कसे, हे पुढील हिशेबावरून दिसेल.

गोठ्याचा हिशेब

समजा, आपल्या गायीची किंमत ८०,००० रुपये आहे आणि विम्याचा दर शेकडा ४ आहे. वर्षाचा हप्ता ३,२०० रुपये होतो, म्हणजे दिवसाला पावणेनऊ रुपये. अनुदान मिळाले आणि आपला वाटा १५ टक्के असेल तर हाच हप्ता ४८० रुपये होतो, म्हणजे दिवसाला सुमारे सव्वा रुपया. दूध ३० रुपये लिटरने जात असेल तर पूर्ण हप्ता म्हणजे वर्षाला १०७ लिटर दूध आणि अनुदानित हप्ता म्हणजे १६ लिटर दूध.

आता दुसरी बाजू पाहू. ३,२०० रुपयांचा हप्ता २५ वर्षे भरला की ८०,००० रुपये होतात. म्हणजे दर २५ गायींमागे वर्षाला एक गाय दगावत असेल आणि तिचा पूर्ण दावा मिळत असेल, तर दिलेले आणि मिळालेले पैसे सारखे होतात. ४८० रुपयांच्या हप्त्यात हीच तोंडमिळवणी १६७ गायींमागे एक मृत्यू झाला तरी होते.

आपल्या भागात मृत्यूचे प्रमाण किती आहे, हे कसे काढावे? दोन-चार गायींच्या स्वतःच्या अनुभवावरून ते कळत नाही. दहा वर्षांत एकही गाय न मेलेला गोठा असतो, तसेच एका वर्षात दोन गेलेला गोठाही असतो. यासाठी गावच्या सहकारी दूध संस्थेच्या सभासदांनी एकत्र बसून नोंद काढावी. उदाहरणार्थ, सभासदांच्या मिळून २०० गायी आहेत आणि तीन वर्षांचा हिशेब घेतला तर ६०० 'गाय-वर्षे' झाली. या काळात १८ गायी दगावल्या असतील तर प्रमाण शेकडा ३ झाले. त्यातील १५ मृत्यूच विम्याच्या अटीत बसणारे असतील तर हिशेबासाठी शेकडा अडीच धरावे. ८०,००० रुपयांच्या गायीवर अडीच टक्के म्हणजे २,००० रुपये. हा विम्यापासून दर गायीमागे दर वर्षी मिळणारा सरासरी लाभ झाला.

या उदाहरणात पूर्ण हप्ता ३,२०० आणि सरासरी लाभ २,००० असल्याने सरासरीने १,२०० रुपये पदरचे जातात. यात फसवणूक काही नाही. कंपनीचा कारभार, पशुवैद्यकाची फी आणि जोखीम यांचा खर्च हप्त्यातूनच निघतो. म्हणून विमा हा नफ्याचा व्यवहार समजू नये. एकदम येणारा ८०,००० रुपयांचा फटका टाळण्यासाठी आपण वर्षाला १,२०० रुपये मोजतो, असा त्याचा अर्थ आहे. हा फटका आपल्याला कितपत सोसवेल, हा खरा प्रश्न आहे. अनुदानित हप्ता ४८० रुपये असेल तर सरासरीनेसुद्धा विमा फायद्याचा ठरतो आणि फारसा विचार करण्याचे कारण उरत नाही.

तीन प्रकारचे गोठे

अ) एक किंवा दोन जनावरे, कर्जावर घेतलेली. अशा कुटुंबाने विमा अवश्य घ्यावा, अनुदान मिळो वा न मिळो. येथे एक जनावर जाणे म्हणजे निम्मे किंवा सर्व उत्पन्न जाणे आणि कर्ज मात्र शिल्लक राहणे. कर्जावरील जनावराच्या दाव्याची रक्कम प्रथम बँकेच्या कर्जखात्यात जमा होते, हे ध्यानात ठेवावे. बँकेने विमा उतरविला असेल तर पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि तिची मुदत कधी संपते ते पाहावे. पहिल्या वर्षी विमा असतो, पुढे नूतनीकरण होत नाही आणि शेतकऱ्याला त्याची कल्पनाही नसते, असे घडू शकते.

आ) चार ते दहा जनावरे, दुधावर घरखर्च चालणारा गोठा. अनुदान मिळत असेल तर सर्व पात्र जनावरांचा विमा घ्यावा. अनुदान नसेल तर जास्त दुधाच्या, पहिल्या ते चौथ्या वेतातील, नुकत्याच विकत आणलेल्या आणि गाभण गायींना प्राधान्य द्यावे. काही वेळा कंपनी गोठ्यातील सर्व जनावरांचा एकत्र विमा मागते, म्हणून आधी विचारून घ्यावे. साधारणपणे गायीचा दहा वर्षे वयापर्यंत आणि म्हशीचा बारा वर्षे वयापर्यंत विमा निघतो. उतारवयातील, कमी किमतीच्या गायीचा पूर्ण दराने विमा घेण्यात विशेष अर्थ नाही.

इ) तीस किंवा अधिक गायींचा व्यावसायिक गोठा. ८०,००० रुपयांच्या तीस गायींचा चार टक्के दराने हप्ता ९६,००० रुपये होतो. अशा गोठ्यात सरासरीने वर्षाला एखादी गाय दगावते आणि तेवढा तोटा धंद्यात सोसता येतो. त्यामुळे हप्त्याइतकी रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकून स्वतःचा निधी उभारावा, असे वाटणे साहजिक आहे. मात्र एका गोठ्यातील जनावरांवर संकट एकाच वेळी येते. साथ, विषबाधा किंवा विजेच्या धक्क्याने एकाच वर्षात पाच गायी गेल्या तर चार लाखांचा खड्डा पडतो आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी निधीत तेवढे पैसे नसतात. म्हणून पहिली तीन-चार वर्षे विमा चालू ठेवून सोबत निधी वाढवावा. निधी चार-पाच गायींच्या किमतीइतका झाल्यावर विमा कमी करण्याचा विचार करावा.

तीन वर्षांची पॉलिसी घेतल्यास एकूण दर एका वर्षाच्या दराच्या तिप्पट न होता कमी पडतो आणि नूतनीकरण चुकण्याचा धोकाही टळतो. गाय जास्त काळ ठेवायची असेल तर तीन वर्षांचा विमा सोयीचा आहे. मुदतीत गाय विकल्यास नवीन मालकाच्या नावे विमा वर्ग करण्याची सोय आहे का, तेही विचारावे.

शासनाची मदत म्हणजे विमा नव्हे

'साथ आली तर सरकार देईलच' असे म्हणून काही जण विमा टाळतात. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग दिसून आला आणि पुढे तो राज्यभर पसरला. त्या वेळी राज्य शासनाने मृत गायीमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० रुपये आणि वासरामागे १६,००० रुपये मदत दिली. त्या कठीण काळात या मदतीचा मोठा आधार झाला. परंतु ८०,००० रुपयांच्या संकरित गायीच्या जागी नवी गाय आणण्यास ती पुरी पडणारी नव्हती. नैसर्गिक आपत्तीत २०२२ साली ठरलेल्या निकषांनुसार दुभत्या मोठ्या जनावरामागे ३७,५०० रुपये मदत ठरविण्यात आली, तीही ठराविक संख्येपर्यंत. ही मदत विशिष्ट आपत्तीपुरती असते. प्रसूतीत अडलेली गाय, साप चावलेला बैल किंवा पोटात तार गेलेली म्हैस यांच्या मृत्यूनंतर साथीची मदत मिळत नाही. असे मृत्यू मात्र विम्यात बसू शकतात.

विमा उतरविताना घ्यावयाची काळजी

१) जनावर निरोगी असताना विमा घ्यावा. आजारी पडल्यावर विम्यासाठी धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

२) कानातील १२ अंकी बिल्ल्याचा क्रमांक पॉलिसीवर बरोबर लिहिला आहे याची अंक न् अंक खात्री करावी. 'बिल्ला नाही तर दावा नाही' हा या विम्यातील मुख्य नियम आहे. बिल्ला गळून पडल्यास त्याच दिवशी दवाखान्याला आणि कंपनीला कळवून नवीन बिल्ला मारून घ्यावा व नवा क्रमांक पॉलिसीवर नोंदवून घ्यावा.

३) बिल्ला स्पष्ट दिसेल असे मालकासह जनावराचे छायाचित्र काढून ठेवावे. रंग, शिंगे, कपाळावरील चांद, शेपटीचा गोंडा या खुणा अर्जात लिहिल्या आहेत का ते पाहावे.

४) विम्याचा काळ कोणत्या तारखेपासून सुरू होतो, प्रतीक्षा काळ किती आणि लसीची अट काय, हे वाचून किंवा वाचवून घ्यावे. हप्त्याची पावती व पॉलिसी लसीकरणाच्या दाखल्यांसोबत एकाच पिशवीत ठेवावी.

जनावर दगावल्यास काय करावे?

१) त्याच दिवशी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. कळविल्याची वेळ आणि मिळालेला नोंद क्रमांक लिहून ठेवावा. बँकेचे कर्ज असल्यास बँकेलाही कळवावे.

२) शव सावलीत ठेवावे. बिल्ला कानातून काढू नये. बिल्ल्यासह छायाचित्रे घ्यावीत.

३) शव कुजण्यापूर्वी शवविच्छेदन करून घ्यावे. त्याच्या अहवालाशिवाय दावा पुढे सरकत नाही.

४) नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर फाशी रोगाचा संशय धरावा. असे शव कोणत्याही कारणाने फाडू नये, कातडे काढू नये. हा रोग माणसालाही होतो. पशुवैद्यक रक्ताचा नमुना तपासून तसा दाखला देतात. शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

५) दाव्याचा अर्ज, पॉलिसी, कळविल्याचा पुरावा आणि शवविच्छेदन अहवाल ही मुख्य कागदपत्रे आहेत. ती देऊन पोच घ्यावी. सरकारी योजनेत कागदपत्रे पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढण्याची अपेक्षा आहे. दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे. ते पटण्यासारखे नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

औषधपाण्याची तरतूद वेगळी करावी

विमा उपचाराचा खर्च देत नाही, म्हणून त्यासाठी स्वतंत्र सोय हवी. विकलेल्या दर लिटर दुधामागे एक रुपया बाजूला टाकण्याची सवय लावावी. दिवसाला सरासरी १० लिटर दूध ३०० दिवस देणाऱ्या गायीमागे वर्षाला ३,००० रुपये जमतात. किरकोळ आजारपण, जंतनाशके, गोचीड नियंत्रण यांचा खर्च त्यातून भागवावा. पैसे हाताशी असले की पशुवैद्यकाला बोलाविण्यास उशीर होत नाही, आणि उशीर न होण्यानेच बरीच जनावरे वाचतात.

लसीकरणाला विमा हा पर्याय नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी विनामूल्य टोचली जाते. ज्वारीची कोवळी किंवा ताण पडलेली ताटे जनावरांना खाऊ देऊ नयेत. युरियाची पोती आणि कीटकनाशके गोठ्यापासून दूर ठेवावीत. गोठ्यातील उघड्या विजेच्या तारा दुरुस्त कराव्यात. यातील बहुतेक कामांना हप्त्यापेक्षा कमी खर्च येतो.

निर्णय कसा घ्यावा?

शेतकरी बंधू-भगिनींनो, हप्ता भरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. उद्या सकाळी हे जनावर नसेल तर कर्ज न काढता दुसरे आणता येईल काय? अनुदान वजा जाता आपल्याला नेमका किती हप्ता पडतो? बिल्ला, लस आणि नोंदी या अटी आपण वर्षभर पाळू शकू काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर विमा घ्यावा. अनुदान मिळत असेल तरीही घ्यावा. परंतु तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर आधी तेवढी व्यवस्था करावी आणि मगच हप्ता भरावा, नाहीतर पैसे भरूनही ऐनवेळी हात रिकामेच राहतील.

या महिन्याच्या दूध संस्थेच्या बैठकीत मागील तीन वर्षांत दगावलेल्या जनावरांची यादी करावी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून योजनेची माहिती घ्यावी. सर्व सभासदांची बिल्ला तपासणी, लसीकरण आणि विमा एकाच दिवशी गावात करून घेतल्यास प्रत्येकाचे हेलपाटे वाचतील.